कॉर्कमधलं ग्रीस आणि देस्पिनाचे गहू

आईला ग्रीसला न्यायचं, असं मी तिचं विमानाचं तिकीट काढतानाच ठरवून टाकलं होतं. माझ्या सवयीप्रमाणे ठरवलं आधी आणि माहिती वाचली नंतर. आयर्लंडच्या व्हिसावर ग्रीसला जाता येत नाही, त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो आणि तो भारतातून निघायच्या आधीच काढलेला बरा. तुमचे आईवडील इकडे येणार असतील तर एवढं लक्षात ठेवा, बाकीचा लेख नाही वाचलात तरी चालेल. तर ग्रीस बारगळलं. मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून कळलं की कॉर्कमध्ये देस्पिना नावाची एक ग्रीक बाई शनिवारी लोकांना गावातून पायी फिरवत ग्रीक पदार्थ खायला घालते. मी त्याच संध्याकाळी दोन जागा बुक केल्या.

घाई करायला कारण होतं. आई अमरावतीहून आमच्याकडे एनिसला आली ती तीन महिन्यांसाठी, आणि महिना होतो न होतो तोच परतीचं तिकीट अलीकडचं घे म्हणून मागे लागली. पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध होतं. ते तिकडे माझा चुलतभाऊ बंडूदादा करणार आणि तेव्हा आपण तिथे असायलाच हवं, असं तिचं म्हणणं. मी एकुलती एक, आणि माझी सगळी रजा, या वर्षाची आगाऊ घेतलेलीसुद्धा, बाबांच्या आजारपणात संपलेली. ‘मग मी इथेच केलं तर?’ असं मी एकदा विचारून पाहिलं. ‘मुली नाही करत, मीनू,’ एवढं म्हणून तिने भेंडी चिरायला घेतली. ती एकटी त्या रिकाम्या घरात परत जाणार या कल्पनेनेच मला कसंतरी होत होतं. आणि बाबांसाठी जे काही करायचं ते माझ्या हाताने व्हावं, असंही फार वाटत होतं. पण आईशी वाद घालून मी आजवर कधी जिंकलेली नाही. सोमवारी तिकीट बदलते, असा शब्द दिला आणि शनिवारी तिला घेऊन कॉर्कला निघाले.

एनिसहून कॉर्क गाडीने दोन-सव्वादोन तासांवर आहे. लिमरिकपर्यंत मोटरवे, रस्ता छान. पुढे मात्र साधा रस्ता गावागावांतून जातो आणि पुढे एखादा ट्रॅक्टर आला की त्याच्याच मर्जीने चालावं लागतं. आमच्या नशिबी दोन आले. आई खिडकीतून गाई बघत होती. ‘इतकं गवत खाऊन राहिल्या बाप्पा, यांना बसायला फुरसत कधी भेटते?’ गावात पार्किंग महाग पडतं. नदीलगतच्या बहुमजली पार्किंगमध्ये दिवसभराचे घसघशीत युरो जातात, तेव्हा वेळ असेल तर बसने या.

भेटायचं ठिकाण इंग्लिश मार्केटच्या दारात. देस्पिना लांबूनच ओळखू आली, कारण जूनच्या उन्हात सगळं कॉर्क बिनबाह्यांचे कपडे घालून फिरत होतं आणि ही काळ्या ड्रेसमध्ये. पन्नाशीची, ठेंगणी, खांद्याला भलीमोठी कापडी पिशवी. आमच्याखेरीज गटात एक जर्मन जोडपं आणि मॅलोहून आलेले डेनिस नावाचे एक आजोबा होते. डेनिसच्या लेकीने त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून हे तिकीट दिलं होतं. ‘मला साधा बटाटा चालला असता,’ ते मला हळूच म्हणाले, ‘पण ठीक, ग्रँड, बघू काय आहे ते.’

बुक करतानाच मी आई शाकाहारी असल्याचं कळवलं होतं. अंडंसुद्धा नाही, हेही. देस्पिनाने त्यावर मला जे सांगितलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल. ‘ग्रीक माणसाला शाकाहारी आहे असं सांगू नका, तो मासे आणून ठेवेल. उपास आहे म्हणा. मग त्याला सगळं समजतं.’ त्यांच्या उपासाला मांस, अंडी, दूध, लोणी काहीच चालत नाही. काही दिवस तर तेलही नाही. मी हे आईला सांगितल्यावर ती देस्पिनाकडे एकदम आदराने बघायला लागली. आई मराठी शाळेत शिक्षिका होती. इंग्रजी वाचते, सावकाश बोललेलं समजतंही, पण इथले उच्चार तिच्या डोक्यावरून जातात. त्यामुळे दिवसभर दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं.

मार्केटमध्ये एका बाजूला मासे आणि लटकलेलं मांस आहे. तिथून आईला मी नाकाला पदर लावायला सांगून झटपट पुढे काढलं. ऑलिव्हच्या गाड्यावर मात्र ती रमली. काळे, हिरवे, जांभळे, सुरकुतलेले ऑलिव्ह लाकडी पिंपांत भरलेले. आईने करवंदाचं लोणचं समजून एक तोंडात टाकला आणि तिचा चेहरा बघून डेनिस मनापासून हसले. ‘माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं,’ ते म्हणाले. दुसरा तिने स्वतःहून घेतला. फेटा चीजबद्दल विचारून घ्या, कारण पारंपरिक फेट्यात दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. इथे शाकाहारी मिळालं. आईचा शेरा होता, ‘पनीर चांगलं आहे, पण मिठाचा हात सुटला.’

तिथून मागच्या गल्लीतल्या एका छोट्या बेकरीत गेलो. तिथे पालकाची ‘पाय’ होती, म्हणजे कागदासारख्या पातळ पाऱ्यांमध्ये भरून भाजलेला पालक, कांद्याची पात आणि शेपू. आमच्यासाठी चीज न घातलेली उपासाची वेगळी ठेवली होती. आईने वरची पारी बोटाने उचलून उजेडात धरली. ‘चिरोट्याला असंच साटं लावतात,’ ती म्हणाली, आणि मी ते सांगितल्यावर बेकरीवाल्याने तिला आत बोलावून लाटणं दाखवलं. लाटणं कसलं, चांगली हातभर लांब काठी. आईने ती हातात घेऊन फिरवून बघितली. मी दारातून बघत होते. बाबा गेल्यापासून तिने स्वयंपाकघरातल्या कुठल्याही वस्तूकडे अशा कुतूहलाने पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

पुढचा थांबा ली नदीच्या काठावरचं एक जेवणघर. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं घट्ट वाटण, वर कच्चा कांदा, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. शेजारी टोमॅटोत शिजवलेले अंगठ्याएवढे पांढरे घेवडे आणि पाव. ‘वरण आहे हे,’ आईने निकाल दिला. ‘फोडणी राहून गेली.’ पण वाटी तिने पुसून खाल्ली. नंतर गरमागरम तळलेले, मधात बुडवलेले गोळे आले. ते तर थेट आमचे गुलगुले. डेनिसना बटाट्याची आठवणही राहिली नव्हती. सगळ्यांत शेवटी छोट्या कपात ग्रीक कॉफी. तळाशी गाळ असतो, तो ढवळू नका आणि पिऊही नका. मी दोन्ही केलं.

माणशी साठेक युरो जातात आणि त्यात पोट इतकं भरतं की रात्रीचं जेवण करावं लागत नाही. चालणं फार नाही, बहुतेक सपाट रस्ता. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही झेपेल.

टूर इथेच संपते. पण देस्पिनाने आम्हाला नदीकाठच्या बाकांपाशी नेलं आणि पिशवीतून कागदाच्या छोट्या छोट्या पुड्या काढल्या. ‘हे टूरमधलं नाही,’ ती म्हणाली. ‘हे मी केलंय. आज सकाळी चर्चमध्ये नेलं होतं, आशीर्वाद घेऊन आणलंय.’

चर्च आणि आशीर्वाद एवढं ऐकताच मी आईकडे वळले आणि म्हटलं, ‘प्रसाद आहे.’

आईने चपला काढल्या, उजव्या हातावर पुडी घेतली, कपाळाला लावली आणि खायला सुरुवात केली. उकडलेले गहू, त्यात पिठीसाखर, बदाम, बेदाणे, डाळिंबाचे दाणे आणि दालचिनीचा वास. ‘गव्हाची खीर कोरडी केली तर अशीच लागेल,’ ती म्हणाली. पुडी संपवून तिने अजून एक मागूनही घेतली.

देस्पिनाचं बोलणं अजून चालूच होतं. शनिवार हा त्यांच्याकडे गेलेल्यांचा वार. हे गहू गेलेल्या माणसासाठी करतात. दाणा मातीत जातो आणि पुन्हा उगवतो, म्हणून गहू. तिची आई जाऊन वर्ष झालं होतं. जो खाईल त्याने खाताना त्या माणसासाठी मनात चार चांगले शब्द म्हणायचे. डेनिसनी टोपी काढून हातात घेतली.

माझ्या आईने आयुष्यात कधी परक्याच्या श्राद्धाचं अन्न तोंडात घातलेलं नाही. शेजाऱ्यांकडून डबा आला तरी आज काय आहे हे विचारल्याशिवाय ती झाकण उघडत नाही. आणि मी तिला प्रसाद म्हणून परक्या बाईच्या वर्षश्राद्धाचा घास भरवून बसले होते, तोही बाबांचं वर्ष सरायच्या आत. न सांगता गप्प बसावं, असं क्षणभर वाटलं. पण आई माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिला माझं तोंड चांगलं वाचता येतं.

‘आई, चुकलं माझं,’ मी म्हटलं. ‘प्रसाद नाहीये हा. तिच्या आईचं वर्षश्राद्ध आहे आज.’

आईने हातातल्या दुसऱ्या पुडीकडे पाहिलं. ती रागावेल, चूळ भरायला पाणी मागेल, असं मी धरून चालले होते. उलट तिने देस्पिनाला थेट विचारलं, जुळवून जुळवून, शाळेतल्या इंग्रजीत. ‘हू डिड? यू? नो ब्रदर?’

‘दोन भाऊ आहेत,’ देस्पिना म्हणाली. आईला कळावं म्हणून ती एकेक शब्द सुटा बोलत होती. ‘ते मेणबत्ती धरतात. गहू मुलगी शिजवते. आईला लेकीच्याच हातची चव माहीत असते ना.’

हे मला भाषांतर करून सांगावं लागलं नाही. आईने देस्पिनाचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. काळ्या ड्रेसमधली ती बाई एकदम रडायला लागली आणि आईच्याही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. जर्मन जोडपं नदीकडे बघत उभं राहिलं. मग आईने उरलेली पुडी उघडली, डोळे मिटले आणि सगळी खाल्ली. मी पण माझी खाल्ली. चार चांगले शब्द म्हणताना माझ्या मनात देस्पिनाची आई कमी आणि बाबाच जास्त होते, हे मी कबूल करते.

परत येताना आई लिमरिकपर्यंत झोपली. उठल्यावरही तिने त्या गव्हांचा विषय काढला नाही, मीही नाही. घरी निखिलने, माझ्या नवऱ्याने, खिचडी करून ठेवली होती. ती आम्हा दोघींनाही खाववली नाही.

ग्रीस बघायचं राहिलं ते राहिलंच. पण कुणी विचारलं तर मी ही टूर नक्की सुचवेन. आईवडील आलेले असताना त्यांना नुसती प्रेक्षणीय स्थळं दाखवून आणण्यापेक्षा कुणाच्या तरी ओट्यापाशी नेऊन उभं करणं चांगलं, असं मला आता वाटतं. तिथे त्यांना बोलायला भाषा कमी लागते आणि ती त्यांच्याकडे असते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र अजून त्या दोघींचे एकमेकींत धरलेले हात आहेत, आणि ते मी फोटोत घेतलेले नाहीत याचं मला बरं वाटतं.

रविवारी सकाळी मी चहा करत होते तेव्हा आईने बंडूदादाला व्हिडिओ कॉल लावला. तब्येत, पाऊस, वांग्याचे भाव, सगळं झालं. मग ती म्हणाली, ‘आणि बंडू, ऐक. तू तिकडे गाईला घास दे, दोन माणसं जेवू घाल. पण काकाचं वर्षश्राद्ध इकडे मीनू करून राहिली. हो, मीनू. कोणी काही म्हटलं तर माझं नाव सांग.’

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली. मी तिच्याकडे बघायचं टाळून चहा गाळत राहिले, कारण बघितलं असतं तर सगळा ओट्यावरच सांडला असता. तिने माझ्या मागून हात लांबवून कपाटाचं दार उघडलं, डबे सरकवले, एकाएका बरणीचं झाकण काढून आत पाहिलं.

‘तुमच्या गावात काळे तीळ कुठे भेटतात?’ तिने विचारलं.