श्वा, युवा, मघवा

भीमरावच्या गाडीच्या पाठीवर निळ्या अक्षरांत ठळक लिहिलेलं होतं, ‘स्वान निर्बीजीकरण व लसीकरण वाहन’. अकरा वर्षं तो बदलापूर-अंबरनाथच्या गल्ल्यांतून ही गाडी फिरवत होता. भटकी कुत्री जाळ्यात धरायची, केंद्रावर न्यायची, ऑपरेशन आणि रेबीजची लस झाली की चार-पाच दिवसांनी जिथून उचलली तिथेच आणून सोडायची. काम चोख होतं. हातांवर ओरखडे असायचे, पण एकही कुत्रं त्याने कधी फरफटत नेलं नव्हतं. तरी गाडी गल्लीत शिरली की पोरं ‘कुत्रेवाला आला, कुत्रेवाला आला’ म्हणून मागे धावायची, आणि त्याला ते मनातून लागायचं.

मागच्या थंडीत शिरगावातल्या एका सोसायटीतून फोन आला. गेटशी एक तपकिरी कुत्री बसायची, तिला न्यायचं होतं. भीमराव जाळं उघडतोय तोच तळमजल्यावरून शीलाबाई तरातरा बाहेर आल्या. तीस वर्षं हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्या कुत्रीला रोज दूधपोळी त्याच घालायच्या.

“चिमीला न्यायला माझी ना नाही,” बाई म्हणाल्या, “ऑपरेशन झालंच पाहिजे. पण या गाडीतून नाही न्यायची.”

“का हो बाई? गाडी रोज धुतो मी.”

“धुता, पण वाचता का? ‘स्वान’ काय? शहामृगातला श काढा तिथे. मग चिमी तुमची.”

भीमराव आधी चक्रावला, मग त्याला हसू आलं. शब्द दिला, चिमीला जाळ्याशिवाय, बाईंच्याच हाताने गाडीत चढवून नेलं. पाच दिवसांनी तिला परत आणलं तेव्हा गाडीवरचा ‘स’ खरवडून तिथे ‘श’ आला होता. रंग जरा ओघळला होता, एवढंच.

बाईंनी चहा ठेवला. भीमराव पायरीवर टेकला होता, त्याला त्यांनी आत खुर्चीत बसवलं.

“बाई, एक डाउट आहे. कुत्र्याला सरळ कुत्रा म्हणायचं सोडून हे श्वान आलं कुठून?”

एवढ्या वर्षांत असा प्रश्न बाईंना वर्गातही कुणी विचारला नव्हता. त्या खुलल्या. म्हणाल्या, “मूळ शब्द श्वन्. जुने पंडित सांगतात, फुगणं, वाढणं अशा अर्थाच्या धातूपासून तो झाला. आताचे अभ्यासक म्हणतात, तो त्याहून जुना आहे. ग्रीक, लॅटिनमधली कुत्र्याची नावं त्याची भावंडं. आणि आपल्या पाली भाषेत कुत्र्याला काय म्हणतात, ठाऊक आहे? सुनख. काही जण त्याचा अर्थ लावतात, चांगल्या नखांचा.”

भीमरावने बाही वर करून हात दाखवला. “नखं चांगलीच आहेत, बाई. गॅरंटी मी देतो.”

बाईंनी कागदावर श्वन् शब्द चालवून दिला. तो कागद त्याने स्टेअरिंगजवळ चिकटवला. सिग्नलला गाडी थांबली की ओठ हलायचे, श्वा, श्वानौ, श्वानः. घरी त्याची बायको गंगू म्हणाली, “आधी कुत्री धरत होता, आता कुत्र्यांनीच धरलंय तुम्हाला.”

आठवड्याने तो बाईंकडे कागद घेऊन हजर. “बाई, तुमच्या हातून मिस्टेक झालीय. कुत्र्याने म्हणायचं तर श्वाना पाहिजे ना? तुम्ही शुना लिहिलंय.”

“शुनाच. नीट बघा. पहिली पाच रूपं सोडली तर जिथे प्रत्यय स्वराने सुरू होतो, तिथे मधला व अंग चोरतो आणि उ होऊन बसतो. शुना, शुने, शुनः. श्वभिः मध्ये प्रत्यय व्यंजनाने सुरू होतो, म्हणून तिथे व जसाच्या तसा.” मग त्या म्हणाल्या, “जुन्या व्याकरणकारांनी हा नियम तीन शब्दांसाठी मिळून केलाय. श्वन्, युवन् आणि मघवन्. युवन् म्हणजे तरुण. मघवन् म्हणजे इंद्र.”

“देवांचा राजा तो?”

“तोच.”

“आणि कुत्रा? एकाच नियमात?”

“एकाच. यावरून पुढे लोकांनी थट्टाही केली. पण व्याकरण शब्दाचं घराणं विचारत नाही, भीमराव. त्याचं वागणं बघतं.”

भीमरावने तिन्ही शब्द कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतले. मग म्हणाला, “हे लय भारी आहे, बाई.”

फेब्रुवारीत चामटोलीच्या शाळेत रेबीजबद्दल माहिती सांगायचा कार्यक्रम होता. केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना ताप आला आणि भीमरावला पुढे व्हावं लागलं. तो फळ्यापाशी उभा राहताच मागच्या बाकावरून कुजबूज आली, “कुत्रेवाले काका!” वर्ग फिदीफिदी हसला.

 भीमरावने खडू उचलला आणि एकाखाली एक तीन शब्द लिहिले. श्वा, युवा, मघवा. कुत्रा, तरुण, इंद्र. मग श्वन् शब्द सातही विभक्तींत न अडखळता म्हणून दाखवला.  शाळेतल्या संस्कृतच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “काका, मग इंद्र चावला तर लस कुठली घ्यायची?”

सगळ्यांत मोठ्याने हसला तो भीमरावच. मग त्याने पोरांना नीट सांगितलं, कुत्रं चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची, हळदबिळद भरायची नाही, घरी लपवायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. पोरांनी कान देऊन ऐकलं. निघताना शाळेच्या बाईंनी विचारलं, “सर, पुन्हा कधी येता?” त्याला कुणी सर म्हणायची ही पहिलीच वेळ.

आता दर गुरुवारी तो शीलाबाईंकडे जातो. राजन् झाला, आत्मन् चालू आहे. बाईंनी संस्कृतच्या प्राथमिक परीक्षेचा फॉर्म आणून ठेवलाय. फोटो चिकटवून सही तेवढी बाकी आहे. गंगू भाकरी थापता थापता समोरच्या कागदात बघून त्याला रूपं विचारते, आणि तो चुकला तर दुसरी भाकरी वाढत नाही.