काचेतली सवत

साक्रीहून धुळ्याकडे येताना पांझरेकाठी एक गाव आहे, तिथे सुंदरबाईला सगळे पोतारावाली म्हणत. पांढरी माती भिजवायची, त्यात चिंधीचा बोळा बुडवायचा आणि लोकांच्या भिंती उजळायच्या, यातच तिचा जन्म गेला. विधवा बाई, म्हणून शुभकार्यात तिला कुणी पुढे येऊ देत नसे. भिंती मात्र तिच्याच हातच्या हव्या! या दुटप्पीपणाचा तिला संताप यायचा, आणि संताप गिळून बसणाऱ्यांतली ती नव्हती.

जर्मनच्या लढाईत कापसाला भाव आला तेव्हा गावातले बडे शेतकरी मोतीलालआबा यांनी घराला काचेची खिडकी बसवली. गावातली पहिलीच. थेट मुंबईहून आणलेली ती काच आबा स्वतः उपरण्याने पुसत. खिडकी होती त्यांच्या मुलाच्या, रुपचंदच्या खोलीची. रुपचंदची पहिली बायको तापाने गेली होती, आणि वर्षाच्या आत त्याला सतरा वर्षांची ताईबाई करून दिली होती.

चैत्र सरत आला तसा एक बुलबुल त्या काचेवर येऊन आपटू लागला. उजाडलं की चोचीची टकटक, पंखांची फडफड. दमला की निंबावर बसायचा आणि पुन्हा झेपावायचा. आबांनी भिकन भगताला बोलावलं. भगताने पाखराच्या शेपटीखालचा लाल डाग दाखवला.

"हाई कुंकू शे, आबा. तुमनी पहिली सून सवाष्ण गयी ना? तीच ऊनी शे. घरमा सवत दिसस तिले."

झालं! मेलेली सूनच पाखरू होऊन आली, हे शहाण्यासुरत्या माणसांना पटलं. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती. अखाजीला लेकी माहेरी जातातच. ताईबाईलाही पाठवायचं आणि परत म्हणून आणायचं नाही, असं ठरलं.

ओसरी पोतारता पोतारता सुंदरबाईने हे ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मेलेलीला स्वस्थता नाही, जितीला आसरा नाही, आणि दोघींचा न्याय करणार कोण, तर भिकन! ती तणतणत बाहेरच्या भिंतीकडे गेली आणि खिडकीपाशी उभी राहिली.

आत अंधार होता, बाहेर ऊन. काचेत दुसरी सुंदरबाई उभी होती, गालाला माती लागलेली. तेवढ्यात बुलबुल तिच्या कानाजवळून सुटला. काचेतूनही एक बुलबुल तसाच चालून आला आणि दोघांच्या चोची एकमेकींवर आदळल्या. सुंदरबाईने वळून पाहिलं. मेंदीच्या कुंपणात घरटं होतं, जोडीचं पाखरू अंड्यांवर बसलेलं.

"अरे येड्या," ती म्हणाली, "सोतालेच चोर समजस का?"

तिने बोळा बुडवला आणि अख्खी काच पांढरी करून टाकली. बुलबुल एकदा आला, चौकटीवर बसला, इकडेतिकडे पाहिलं आणि घरट्याकडे निघून गेला.

आबा मात्र धावून आले. "मनी मुंबईनी काच!"

"आबा, सवत नही, भूत नही. काचमा तेले तेच दिसस."

"भिंती पोतारनारी तू, माले अक्कल शिकाडस का?"

पाखरू यायचं थांबलं, त्याचं श्रेय भगताने उतरवून टाकलेल्या नारळाला मिळालं. ताईबाईची गाडी तरीही जुंपली गेली. घरात कुजबुज ऐकून तिला सगळं कळलं होतं. गाडीत चढताना तिने सुंदरबाईचा हात धरला. "मी काय करू वं अक्का?"

"तू काहीच करू नको. थांब, ते पाखरूच सांगी."

अखाजीला पाहुणे येणार म्हणून आबांनी काच धुवून लख्ख केली. दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि टकटक सुरू. पाहुण्यांसकट सगळं घर अंगणात आलं. सुंदरबाई याचीच वाट पाहत होती. ती सरळ आबांसमोर जाऊन उभी राहिली.

"ताईबाई माहेरले गयी. रुपचंद ओसरीवर निजस. खोलीमा कोनी नही. मंग हाई कोनासंगे भांडस?"

भिकन भगत पाहुण्यांच्या मागे सरकला. तिने आबांना खिडकीसमोर नेलं. "देखा. कोन दिसस?"

आबा काचेकडे वाकले. "मीच."

"मंग तुमले बी माहेरले धाडी देऊत का?"

पाहुणे हसले. आबांचे कान लाल झाले. दुपारीच गाडी ताईबाईला आणायला निघाली. चुकलं, असं एका तोंडून निघेल तर शपथ! सुंदरबाईने पुन्हा माती भिजवली आणि काच पोतारायला घेतली.

तिसऱ्या दिवशी गाडी दारात आली. सासू भाकरतुकडा ओवाळायला पुढे झाली, पण ताईबाई उंबऱ्याबाहेरच थांबली.

"अक्काले बलावा. ती ववाळी, मंगच मी घरमा येसू."

विधवेच्या हातचा भाकरतुकडा! सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी मान खाली घातली आणि सासूच्या हातातला तुकडा घेऊन बाहेरची भिंत पोतारत असलेल्या सुंदरबाईपुढे धरला. तिचे हात मातीने भरले होते. ते लुगड्याला पुसून तिने तुकडा घेतला आणि पोरीवरून ओवाळला.