गाळाखालची हरळी

छबूबाईनं उभा जन्म हरळी उपटण्यात घालवला होता. पारनेरकडच्या कोरडवाहू रानात, बाजरीत हरळी दिसली की खुरप्याच्या टोकानं ती मुळामागं मूळ उकरत जायची. तीच हरळी आता संगमनेरात मुलाच्या दारापुढं मरत होती, आणि ती जगावी म्हणून छबूबाई हट्टाला पेटली होती.

दारापुढची हिरवळ चार खाटा मावतील एवढीच. पण तिचा नवरा गहिनीनाथ तेवढ्यातच चालायचा. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा पाय आपला आहे की दुसऱ्याचा, हेही त्याला कळत नसे. घरातल्या फरशीवर तो पडला होता. तेव्हापासून फरशी म्हटलं की पाय उचलत नव्हता. गवतावर मात्र छबूबाईच्या खांद्यावर हात टाकून कुंपणाच्या भिंतीपर्यंत जाई. पडलो तर मातीवर पडू, एवढाच त्याला धीर.

आणि ती माती छबूबाईनंच बिघडवली होती. तळ्यातला गाळ रानात टाकला की पीक उठतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. उन्हाळ्यात गावाकडून टेम्पो येत होता, त्यातून गाळाची पोती आणून तिनं तो गाळ गवतावर पसरला. रानातला गाळ नांगरानं खाली जातो. इथं नांगर कुठला? पावसाळाभर तो थर भिजला, पायांखाली बसला आणि उघडीप पडल्यावर तव्यासारखा कडक झाला. पाणी वरच थांबू लागलं. खालची हरळी आधी पिवळी पडली, मग राखेच्या रंगाची.

"आई, पेव्हिंग ब्लॉक टाकून घेऊ," मुलगा ओंकार म्हणाला. "दसरा झाला की माणूस येतोय."

"आन् तुझा बाप कुठं चालंल?"

"ब्लॉकवर. होईल सवय."

"सवय तुला व्हईल. त्याला भ्याव वाटतं."

"बरं. दसऱ्यापर्यंत हिरवं दाखव, मी त्याला नको म्हणून सांगतो."

सून पूजानं मोबाईल पुढं धरला. "आत्या, हे बघा, हिरवळीला भोकं पाडतात. मुळांना हवा लागते."

"मुळांना नाक असतं व्हय?" छबूबाई म्हणाली, पण तिनं तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

मग तिनं पहार घेतली. अर्ध्या अंगणाला भोकं पाडली, पाणी सोडलं. सकाळी बघते तर प्रत्येक भोकात पाणी तसंच, वाटीत ठेवल्यासारखं. तिनं बोट घातलं. आतल्या कडा गुळगुळीत, कठीण. पहारीनं मातीला जागा दिली नव्हती. माती नुसती बाजूला रेटून आणखी आवळली होती. माती रेटायची नव्हती, बाहेर काढायची होती.

बाजारात व्यापारी पोत्यात एक पोकळ, टोकदार नळी खुपसायचा. पोतं न उसवता आतली मूठभर बाजरी बाहेर. त्या मुठीवर तिच्या अख्ख्या वर्षाची किंमत ठरायची, म्हणून त्या नळीचा तिला जन्मभर राग. आज तीच नळी तिला हवी होती.

कोपऱ्यावर तौसीफचं वेल्डिंगचं दुकान होतं.

"मावशी, कोणाला भोसकायचंय?" नळीचं वर्णन ऐकून तो हसला.

"जमिनीला."

"तिनं काय केलं तुमचं?"

"तिनं न्हाई, म्याच केलंय. तू पाईप काप."

त्यानं पाईपाचं तोंड तिरकं कापलं, वर आडवी मूठ बसवली, पाय द्यायला पट्टी जोडली.

छबूबाईनं जमीन भिजवली आणि वाफशाची वाट पाहिली, म्हणजे मातीची मूठ वळावी पण बोटांना चिकटू नये. मग पट्टीवर पाय, अंगाचा भार, एक पीळ, आणि वर. पाईपातून मातीची कांडी बाहेर पडली : वर काळा गाळ, खाली तांबूस जुनी माती, आणि टोकाला एक पांढरं, जितं मूळ. त्या मुळाकडं ती बघत राहिली आणि मग थांबलीच नाही. रोज थोडं अंगण. भोकांत वाळू आणि चाळलेलं शेणखत.

खुर्चीवरून गहिनीनाथ म्हणाला, "अगं, जल्मभर हरळी उपटली तू. तिचा सराप लागला तुला."

"लागंना का. तुमी गप बसा, पाय हालवा."

ब्लॉकवाल्यानं माल आधीच आणून फाटकापाशी रचला. छबूबाई त्या ढिगाला वळसा घालून पाणी आणत राहिली.

दसऱ्याच्या सकाळी ओंकार अंगणात आला. "आई, हिरवं कुठंय? हे नुसते ठिपके."

खरंच ठिपकेच होते. फक्त भोकांमधून कोंब वर आले होते, ताठ आणि टोकदार. मधली जमीन अजून उघडीच. छबूबाईनं नवऱ्याला उठवलं, त्याच्या चपला काढल्या, त्याचा हात खांद्यावर घेतला. कडेला तो अडला. मग त्यानं पाय टाकला.

"टोचतंय गं."

"कंच्या पायाला?"

त्यानं मान खाली घालून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "डाव्या."

ओंकारनं फाटकापाशी रचलेल्या ब्लॉककडं पाहिलं आणि खिशातून मोबाईल काढला. तो कोणाला फोन करतोय हे बघायला छबूबाई वळली नाही.

"चला," ती नवऱ्याला म्हणाली, "भिंतीपातूर."