भाजलेला शंख

गल्लीत तिला सगळे शंखवाली म्हणत. मागच्या खोलीत ती मातीचे शंख, शिंपले, खेकडे घडवायची आणि परसातल्या भट्टीत भाजायची. नवरा बोटी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात वेल्डर होता. कारखाना बंद पडला आणि त्याचा हात आधी मातीवर, मग तिच्यावर पडायला लागला. चहा गार मिळाला की फळीवर वाळत ठेवलेला एक शंख खाली. लेकीचा फोन आला नाही की दुसरा.

"रडतेस काय? मातीच आहे," तो म्हणायचा. "भिजव पाण्यात, होईल परत."

हे खरं होतं, म्हणूनच झोंबायचं. न भाजलेला कच्चा शंख कितीदाही मोडा, भिजवला की पुन्हा मऊ. ती तुकडे बादलीत टाकायची, ओठावरचं रक्त बाहीला पुसायची आणि तिसऱ्या दिवशी तीच माती मळायला घ्यायची. अशी अठरा वर्षं.

मग वाचनालयाने दर्शनी दालनासाठी तिच्या कमरेएवढा शंख मागितला. या वेळी तिने खोलीला कुलूप लावलं. किल्लीसाठी दोनदा मार खाल्ला, पण किल्ली दिली नाही. अडीच महिन्यांनी शंख भट्टीतून अखंड निघाला, आतून गुलाबी, कडेला लाटेसारखा दुमडलेला.

शेजारीच राहणारी नणंद बघायला आली. "वहिनी, हा पाण्यात पडला तर विरघळेल का गं?"

"छे, आता दगड झालाय तो." आनंदाच्या भरात ती बोलून गेली, "भिजायचा नाही, आणि फुटला तर फुटलाच."

मागे दारात नवरा उभा होता. त्याने नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोची वाट बघत ती शंखाला जुन्या चादरी गुंडाळत होती. तो हातोडा घेऊन आत आला.

"बाजूला हो."

ती झाली नाही. पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला. आत काहीतरी कडकन मोडलं आणि डावा हात लोंबायला लागला. त्याने हातोडा पुन्हा उचलला, या वेळी शंखावर. तिच्या उजव्या हाताला थापी लागली, माती ठोकायची लाकडी, जड. तिने ती त्याच्या मनगटावर हाणली. हातोडा पडला. तरी तिने आणखी दोनदा हाणली, त्याच जागी, माती बसवताना हाणते तशी मोजून.

तो भिंतीशी बसला. मनगट भलतीकडेच वळलं होतं.

"हात मोडलास माझा," तो कण्हत म्हणाला. "आता काय करू मी?"

तिने पायाने बादली त्याच्याकडे सरकवली.

"भिजवून बघा. होईल परत."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. आधी शंख चढवा, मग मला दवाखान्यात सोडा, असं तिने हमालांना सांगितलं.