पाकळी तुटलेली कॅसेट

बहारीनला मी एका अमेरिकन साहेबाची गाडी चालवायचो. शाळेत दुसरीपर्यंतच टिकलो, त्यामुळे रस्त्याच्या पाट्या वाचता यायच्या नाहीत. वळणावर मी गाडी हळू करून दुकानांचे रंग आठवायचो, आणि साहेबाला वाटायचं ड्रायव्हर फार सांभाळून चालवतो. पगार वाढवला त्यानं त्याबद्दल.

मी राहायचो सलमाबादला, गॅरेजांच्या मागे, एका खोलीत आठ जण. साहेब जनाबियाला, अख्ख्या व्हिलात एकटा. त्याच्या जेवणाच्या टेबलावर मी कधी ताट बघितलं नाही. चादरीएवढा कागद पसरलेला असायचा, त्यावर झाडासारख्या फांद्या आणि फांदीफांदीला नावं.

"हे माझे लोक," साहेब म्हणाला. आमचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी आणि उरलेलं हातवारे. त्याचा पणजोबा आयर्लंडचा. तिकडे बटाट्याचं पीक कुजलं, माणसं भुकेनं मेली, आणि पणजोबा बोटीत बसून अमेरिकेला गेला.

मी विचारलं, "बटाटा नव्हता तर भात नाही खाल्ला?"

साहेबानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "चाय पियेगा?"

कुठल्या गावातून निघाला ते साहेबाला माहीत नव्हतं. तेच तो शोधत होता. आडनाव सापडलं होतं, पण त्या आडनावाची माणसं तिकडे गावोगाव. गाव सांगणारं एकच माणूस उरलं होतं, साहेबाची आत्या. ती अमेरिकेत, म्हाताऱ्यांच्या आश्रमात, अंथरुणावर. तिच्या आजोबांनी तिला लहानपणी सगळं सांगितलं होतं. साहेबानं फोनच्या स्पीकरजवळ टेप ठेवून तिचं बोलणं भरून घेतलं. सुरुवातीलाच तिनं गावाचं नाव घेतलं, पण त्यांच्या जुन्या भाषेत. साहेबाला ते ना लिहिता येत होतं ना नकाशावर सापडत होतं. उन्हाळ्यात आयर्लंडला जाऊन, ती भाषा येणाऱ्या कुणाला तरी तो ते ऐकवणार होता. तोवर कॅसेट गाडीत असायची. ऑफिसला जाताना आत्या, येताना आत्या.

शेवटी शेवटी ती गायची. गाणं म्हणायचं की रडणं, कळायचं नाही. भर उन्हात गाडी चाललेली असायची आणि माझ्या मानेवर काटा यायचा.

"ही कुणाला रडते?" मी विचारलं.

साहेबानं सांगितलं, निघायच्या आदल्या रात्री घरच्यांनी पणजोबाला मधे बसवलं. शेजारपाजार गोळा झाला. आणि मढ्याला रडावं तसं बायका त्याला रडल्या. तो आपला जिवंत, हातात पाईप घेऊन ऐकतोय. कारण गेलेला माणूस परत येत नसे.

"एकही नाही आला?"

साहेबानं कागदावरून बोट फिरवलं. "सगळे म्हणायचे, पुढच्या उन्हाळ्यात येतो."

मी हसलो. माझ्या आयेला मी दर कॅसेटमध्ये तेच सांगायचो. पुढच्या वर्षी.

तेव्हा आम्ही पोरं पत्रं लिहीत नव्हतो, मला तर येतच नव्हतं. कॅसेट भरायची, गावी जाणाऱ्याच्या हातात द्यायची. आये ऐकायची, त्याच कॅसेटवर आपलं बोलणं भरायची, आणि येणाऱ्याबरोबर परत पाठवायची. एकच कॅसेट वर्षभर जा-ये करायची.

एका शुक्रवारी दुपारी माझ्या खोलीतला भाई गावी निघाला. आमच्याच तालुक्यातला, एसीचं काम करणारा. माझ्याकडे कॅसेट नव्हती. साहेबासाठी नव्या कॅसेटी मीच मनामाच्या बाजारातून आणायचो, त्यांतली एखादी मारायची मला सवय होती. खोलीमागे उभ्या साहेबाच्या गाडीत हात घातला, एक मिळाली. वर काहीतरी लिहिलेलं. पण मला काय, सगळंच लिहिलेलं सारखं दिसतं.

कॅसेटच्या पाठीला बारीक पाकळी असते. ती तोडली की त्यावर नवीन भरता येत नाही. या कॅसेटची पाकळी तोडलेली होती. शहाणा माणूस तिथं थांबला असता. पण आमच्या खोलीत पाकळी तुटलेली बघितली की हात आपोआप कागद शोधतो. दुकानातल्या गाण्यांच्या जुन्या कॅसेटी आम्ही तशाच वापरायचो. मी बोळा केला, भोकात कोंबला, कॅसेट सुरुवातीला फिरवली, एसीचा आवाज येऊ नये म्हणून डोक्यावर ब्लँकेट घेतलं आणि बोलायला लागलो. आये, मी मजेत आहे. आये, इथं बॉनेटवर आंबोळी भाजेल. पुढच्या वर्षी नक्की येतो.

"यल्ला, यल्ला!" भाई दारातून ओरडला. "टॅक्सी उभी आहे. आईशी बोलतोयस की मत मागतोयस?"

मी अर्ध्यातच बटण दाबलं आणि कॅसेट त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी साहेबानं गाडीत हात पुढे केला. "आत्या कुठंय?"

तेव्हा कळलं, काल भाईला कुठली कॅसेट दिली ते. तोंडानं मी म्हटलं, "सीटखाली असेल." आणि जनाबियाच्या फाटकासमोर, सगळ्या वॉचमनांसमोर, ढुंगण वर करून सीटखाली शोधायला लागलो. जी वस्तू विमानातून गेली ती! मग रोज शोधलं. साहेबही शोधायचा. मी त्याला टॉर्च धरायचो.

आठवडा झाला असेल. एका सकाळी साहेब मागं न बसता पुढं माझ्या शेजारी येऊन बसला. "आत्या गेली," तो म्हणाला. "आता फक्त ती कॅसेट."

तेव्हा मी सांगितलं. मला वाटलं मारेल, निदान उतर म्हणेल. त्यानं एवढंच विचारलं, "सगळी पुसलीस?"

"अर्धी. सुरुवातीची."

"म्हणजे गाव गेलं." त्यानं टेपच्या रिकाम्या खाचेवर बोट ठेवलं. "गाणं आहे?"

"आहे, साहेब. पण..." आणि ते 'पण' सांगताना मलाच घाम फुटला. आये उत्तर भरणार. तिला आत्या कोण काय माहीत! उरलेली म्हातारी माझी आये पुसणार.

गावात फोन एका दुकानात. लावला, लागला नाही. लागला तर दुकानदार म्हणाला, निरोप देतो, आणि कुणाला ते न विचारताच ठेवला. महिनाभर गाडीतला टेप बंद. कॅसेटच्या खाचेकडे बघवत नव्हतं. साहेब बारीक झाला. मी झालो नाही, मला काळजीनं जास्त भूक लागते.

भाई आला, चकल्यांच्या पिशवीत कॅसेट घेऊन. निरोप आयेला मिळालेलाच नव्हता. साहेब आणि मी गाडीत बसलो, काचा वर केल्या.

आयेच निघाली. "बाला, कसा हायस? हय समदी बरी हाव." फणस, शेजारणीची म्हैस, कुंपण. साहेबानं डोळे मिटले. मी मनात म्हणत होतो, आये, बास कर, बास कर. आणि मग ती म्हणाली, "आता मी फुडं बोलनार न्हाय. फुडं कोन म्हातारी हाय. तिचं रडून झालेलं न्हाय. माज्यानं तिला पुसवंना."

खट्ट आवाज झाला. आणि आत्या गायला लागली.

साहेबानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पण त्या दिवसानंतर त्याला एक खूळ लागलं. कुणीतरी सांगितलं होतं की पुसलेलं कधी कधी खाली बारीक उरतं. म्हणून तो सुरुवातच परत परत लावायचा. स्पीकरला कान लावून, माझ्या आयेच्या आवाजाखाली माझा, माझ्या खाली आत्याचा आवाज शोधायचा. मराठीचं अक्षर कळत नसताना त्याला आयेची म्हैस पाठ झाली.

एकदा त्यानं कॅसेट थांबवली. "तुझी आई एका वाक्यात इतक्यांदा श्वास का घेते?"

"म्हातारी आहे, साहेब."

"ऐक." त्यानं परत लावली.

मी इतकी वर्षं तिचे शब्दच ऐकले होते. पहिल्यांदा मधलं ऐकलं. 'बाला', मग श्वासाची ओढ. 'कसा', मग परत ओढ. विहिरीचं पाणी तळाला गेल्यावर पंप ओढतो तशी.

"मला आत्या नाही ऐकू आली," साहेब म्हणाला. "पण ही येते. तू जा."

"जातो की. पुढच्या..." एवढं बोललो आणि जीभ तिथंच राहिली.  माझा पासपोर्ट व्हिसा देणाऱ्या अरबाकडे, कफीलकडे होता, तो साहेबानं बोलून सोडवला. विमानतळावर त्यानंच मला सोडलं. मी सवयीनं ड्रायव्हरच्या दाराला गेलो, तर तिथं तो आधीच बसलेला.

आये भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून रात्रंदिवस तशीच. तालुक्याच्या डॉक्टरनं मला बाहेर नेऊन सांगितलं, छातीत पाणी आहे, आता सांभाळायचं, बस. मी त्यालाही विनोद सांगितला. तो हसला नाही.

सुट्टी संपली. ती एक तारीख मात्र मला न वाचता कळली. निघायच्या सकाळी आयेनं बसल्या बसल्याच माझ्या हातावर दही घातलं. बॅगेत नवी कोरी कॅसेट होती, साहेबानं दिलेली, पाकळीसकट. मी उंबऱ्यात बसून बुटाची नाडी बांधत होतो.

मागून आवाज आला. आधी वाटलं आये कण्हतेय. मग चाल ओळखू आली. तीच चढ, तीच उतरण, आत्या जिथं थांबायची तिथं थांबणं. शब्द नव्हते. कॅसेट गावात होती तोवर आयेनं किती वेळा ऐकली असेल कोण जाणे.

"आये, हे कशाला?" मी विचारलं.

"कुनाला रडत व्हती, ठाव न्हाय," ती म्हणाली. "पन तुज्या कॅसेटीत व्हती. तुज्यासाटीच आसंल."

टेप हाताशी होता. साहेबाला केवढा आनंद झाला असता. मी बटण दाबलं नाही. नाडी कधीच बांधून झाली होती, तरी वाकून बसलो, मान वर न करता, तिचं रडून होईपर्यंत.