पंच्याहत्तरी कोणाची

“कपाटाला हात लावशील तर हात तोडून ठेवीन तुझा!”

बाबा हे ओरडले तेव्हा माझा हात कोपरापर्यंत कपाटात होता आणि त्या हातात जे यायचं ते येऊन चुकलं होतं. बाबांचा आवाज म्हणजे साधा आवाज नव्हे. पिंपरीतल्या एका कंपनीत अडतीस वर्षं प्रेस मशीनशेजारी उभं राहून बोललेला माणूस. तो घरात कुजबुजला तरी रहाटणीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांचे अलार्म वाजतात. त्या दुपारी तिसरीचाही वाजला. शेजारच्या वहिनींनी कुकरखालचा गॅस बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

माझी ओळख सांगायची तर दिवसा मी चाकणच्या कारखान्यांसाठी मशीन कशी वापरावी याची माहितीपुस्तकं लिहितो आणि उरल्या वेळात रहस्यकथा. एसटी स्टँडवर दोरीला टांगलेल्या असतात तसल्या. आजवर माझ्या हातून एकोणसाठ खून झालेत आणि एकाचाही तपास मी अर्धवट सोडलेला नाही. माझा डिटेक्टिव्ह चपलेच्या मातीवरून खुन्याचा तालुका सांगतो. आणि असा हा मी. ज्या घरात जन्मभर जेवलो, त्या घरात काय चोरलेलं आहे हे कळायला मला आत्याचा फोन लागला.

फोनचं निमित्त बाबांची पंच्याहत्तरी. बाबांना ती नको होती. नको म्हणजे इतकी नको की आठ दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मला वाटलं, लाजतायत. आमच्यासारख्या घरांत जन्मतारीख म्हणजे मास्तरांनी दाखल्यावर टाकली ती, खरी कोणाच्या बापाला ठाऊक? म्हणून मी आपलं त्यांचं आधार कार्ड काढलं, वजाबाकी केली आणि येत्या शनिवारचा हॉल बुक करून टाकला. शाल, नारळ, मोठी लाल खुर्ची, शिवाय मी लिहायची एक गौरव पुस्तिका. मग आमंत्रणाचे फोन सुरू केले. पहिला गावाकडे, आत्याला. बाबांची ही धाकटी बहीण.

“पंच्याहत्तरी? भाऊची?” आत्या म्हणाली. “आरं, त्याला अजून तीन वर्सं हायत. पंच्याहत्तरी दादाची.”

मग ती एकदम थांबली, रेंज न्हाई म्हणाली आणि फोन ठेवला. मोबाइलचा टॉवर आत्याच्या गच्चीवरच आहे.

दादा म्हणजे आमचे काका. वेडे काका. आधी चाकणच्या मार्केटात कांद्याच्या गोणी उचलायचे, नंतर एका गोडाऊनवर वॉचमन झाले. दर दिवाळीला अर्धी गोणी कांदे खांद्यावर घेऊन यायचे आणि दाराशी, चपलांच्या शेजारी बसायचे. नेमका त्याच दिवशी बाबांना ओव्हरटाइम लागायचा. काका बाबांपेक्षा धाकटे आणि लहानपणीच टायफॉइड त्यांच्या डोक्यात गेला, असं आम्हाला सांगून ठेवलेलं. आत्या त्यांना दादा का म्हणते, हा प्रश्न रहस्यकथा लिहिणाऱ्याला पडायला हवा होता. पडला नाही. वेड्याला लाडानं काहीही म्हणतात, असं धरून चाललो.

आमचा पोरांचा एक खेळ होता. “काका, तुमचं नाव काय?” असं विचारायचं. ते कधीच सांगायचे नाहीत. हसायचे आणि कांद्याचं सालपट बोटांत चुरत बसायचे. स्वतःचं नाव माहीत नसलेला माणूस म्हणून आम्ही फरशीवर लोळून हसायचो, पोटात दुखेपर्यंत.

पुढे याच काकांवर मी एक कादंबरी पाडली. तिच्यातला खुनी एक वेडा असतो आणि भावाचं आयुष्य खरं तर आपलं आहे असा त्याचा भ्रम असतो. माझी सगळ्यात जास्त खपलेली. तिची एक प्रत मी स्वतः चाकणला नेऊन काकांना दिली होती, गंमत म्हणून. त्यांनी ती उघडून पाहिली नाही. मुखपृष्ठावर माझं पूर्ण नाव छापलेलं होतं, त्यातल्या मधल्या नावावरून अंगठा फिरवत राहिले. पुतण्याचं कौतुक वाटतंय म्हणून मी फुगलो आणि तसाच फुगलेला घरी आलो.

तर कपाट. आत्याचा फोन झाल्यावर लक्षात आलं की बाबांचा शाळेचा एकही कागद मी जन्मात पाहिलेला नाही. आईच्या लग्नातल्या शालूच्या घडीखाली एक प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यात दोन कागद. पहिला मॅट्रिकची गुणपत्रिका, लॅमिनेट केलेली. वर बाबांचं नाव. गणितात अठ्ठ्याऐंशी. माझे बाबा सात सत्ते चोपन्न म्हणतात. लहानपणी मला तसंच शिकवलं आणि मी तसंच सांगून शाळेत छड्या खाल्ल्या.

दुसरा कागद एका मनोरुग्णालयात भरती करण्याचा अर्ज. रुग्णाचं नाव मी कधीच ऐकलेलं नव्हतं. अर्जदार, रुग्णाचा थोरला भाऊ. खाली बाबांची सही.

ओरडून झाल्यावर बाबांचा आवाज बसला. मग ते टीव्हीकडे बघत बोलायला लागले. टीव्ही बंद होता.

हकीकत थोडक्यात अशी. काका थोरले. वस्तीतले पहिले मॅट्रिक. आजोबांनी ती गुणपत्रिका अख्ख्या गावाला दाखवली, वाचता न येणाऱ्यांना दोनदा. कंपनीतून बोलावणं आलं तेव्हा काका टायफॉइडनं अंथरुणाला खिळलेले. हजर झालं नाही तर जागा गेली. आजोबा म्हणाले, धाकट्याला पाठवा, आठ दिवस दादाच्या नावावर उभा राहील, थोरला उठला की अदलाबदल करू. त्या काळी ओळखपत्राचा फोटो गेटवरच काढायचे. बाबा सतरा वर्षांचे, नववी नापास. फोटोत ते, फोटोखाली काका.

आठ दिवसांनी काका उठले. पण आता फोटो निघालेला. मग ठरलं की परमनंट होऊ दे, नंतर बघू. परमनंट झाल्यावर बाबांचं लग्न ठरलं. काकांना दुसरीकडे नोकरी मागायची सोय नव्हती, कारण त्यांचा दाखला, त्यांचं नाव, त्यांचं वय, सगळं पिंपरीत ड्युटीवर होतं. एका सकाळी शिफ्ट बदलताना ते कंपनीच्या गेटवर जाऊन उभे राहिले आणि आतबाहेर करणाऱ्या शेकडो माणसांसमोर ओरडले, की आत जो आहे त्याचं नाव माझं आहे. बाबांना बोलावलं. बाबा म्हणाले, धाकटा भाऊ आहे माझा, टायफॉइड डोक्यात गेलाय.

त्यानंतर अकरा महिने काका इस्पितळात होते. एकोणसाठ खुनांत मला अशी मांडणी कधी जमली नाही. माणसाला वेडा ठरवायच्या कागदावर सही त्याच माणसाच्या नावाची. बाहेर आल्यावर काकांनी कुणालाच स्वतःचं नाव सांगितलं नाही. आधार कार्डं निघाली तेव्हा जे नाव उरलं होतं ते घेतलं. बाबांचं. नववी नापास, तीन वर्षांनी लहान.

“नाव त्याचं असंल,” बाबा म्हणाले आणि डावा हात माझ्यासमोर धरला. त्या हाताची करंगळी अर्धीच आहे. “पर प्रेसखाली बोट कुणाचं गेलं? आणि तू शिकलास, पुस्तकं पाडलीस, ती कुणाच्या नावावर? मुखपृष्ठ बघ की स्वतःचं.”

मी मुखपृष्ठ आठवलं. माझ्या नावाच्या मधोमध, बापाच्या जागी, काका होते. शाळेच्या हजेरीत, लग्नाच्या पत्रिकेत, एसटी स्टँडच्या दोरीवर. मी त्यांना हसत हसत विचारायचो त्या प्रश्नाचं उत्तर मीच पाठीवर लिहून फिरत होतो.

आई इतका वेळ दारात उभी होती. आईविषयी एक सांगायला हवं. ती कधी उखाणा घ्यायची नाही. लग्न असो, हळदीकुंकू असो, बायका नाव घ्या नाव घ्या करायला लागल्या की ही पाणी आणायला आत. अख्ख्या आळीत तिच्या मर्यादेचं कौतुक. बायका सुनांना सांगायच्या, शिका जरा. मी तर एका कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत लिहिलंय त्याबद्दल. आता मी तिच्याकडे नुसतं पाहिलं, तर तीच बोलली.

“कुठलं घेऊ? खोटं घेतलं तर देवापुढं लबाडी, खरं घेतलं तर ह्यांची नोकरी. म्हणून पाणी आणायला जायचे मी.”

मग मी ते केलं जे माझा डिटेक्टिव्ह शेवटच्या प्रकरणात करतो. उभा राहिलो आणि निकाल दिला. शनिवारी लाल खुर्चीत काका बसतील. सगळ्यांसमोर त्यांचं नाव मी त्यांना परत देईन, पंच्याहत्तरी त्यांची आहे. बाबा चिडतील, रडतील, पाया पडतील, असं सगळं मी मनात लिहून ठेवलं होतं. त्यांनी फक्त करंगळीचं थोटूक चोळलं.

“आणून दाखव त्याला,” म्हणाले. “आला तर खुर्ची त्याची.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी चाकणला गेलो. त्या रस्त्यावर कंटेनरची रांग अशी होती की तिचं एक टोक चाकणला आणि दुसरं बहुधा दिल्लीला असावं. गोडाऊनच्या गेटवर पत्र्याची केबिन, केबिनमध्ये काका. अंगावर सिक्युरिटीचा निळा युनिफॉर्म, त्यात आणखी एक काका सहज मावले असते. मला पाहून ते हसले, उठले आणि रजिस्टर पुढे सरकवलं. सख्खा पुतण्या असला तरी नोंद केल्याशिवाय ते कुणाला केबिनीतही घेत नाहीत.

मी माझं पूर्ण नाव लिहिलं. मधलं नाव लिहिताना पेन अडखळलं. पुढचा रकाना ‘कोणाला भेटायचे’ असा होता. त्यात मी काकांचं नाव लिहिलं. खरं. मोठ्या अक्षरांत, रकान्याबाहेर जाईल असं. मग पिशवीतून गुणपत्रिका काढून रजिस्टरवर ठेवली आणि बोलायला लागलो.

काय बोललो ते विचारू नका. अर्धा तास तरी बोललो असेन. समोर दोन ट्रेलर हॉर्न देत आत जायला खोळंबले होते. मी माफी मागितली. खेळाची मागितली, कादंबरीची मागितली, आजोबांच्या वतीनं मागितली. वकील करतो म्हणालो, राजपत्रात छापून आणतो म्हणालो, सगळं खरं लिहून पुस्तक काढतो म्हणालो. तेही खपेल, हे मनात येऊन गेलंच, लपवत नाही. शेवटी शनिवारचं सांगितलं. हॉल, खुर्ची, शाल. म्हटलं, “काका, तुम्ही फक्त येऊन बसा. तुमचं नाव मी माइकवरून पुकारतो.”

काकांनी गुणपत्रिका हातभर लांब धरली. गणिताच्या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं, थोडा वेळ तिथेच राहिलं. लॅमिनेट केलेल्या कागदाची घडी होत नाही. त्यांनी ती करून पाहिली, मग सरळ करून रजिस्टरच्या शेवटच्या पानांखाली सरकवली. बाहेर जाऊन ट्रेलरना गेट उघडलं, दोन्ही गाड्यांचे नंबर उतरवून घेतले, गेट लावलं आणि परत येऊन बसले. चष्मा लावला. मी लिहिलेली ओळ पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत वाचली आणि रजिस्टर पुन्हा माझ्याकडे फिरवलं.

“शनिवारी माझी ड्युटी हाय,” म्हणाले. “आणि हितं वेळ टाकायची ऱ्हायली.”