मास्तरांच्या बायकोची तक्रार

नवऱ्याच्या बढतीवर जळणारी बायको तुम्ही पाहिली आहे? मी पाहिली आहे, आणि तिचं काही चुकलं असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं कापड बेतत होती. लांबलचक टेबल, त्यावर कापडाचे साठ-साठ थर, आणि वरच्या थरावर खडूने पाठ, बाह्या, कॉलर अशा बसवायच्या की कापल्यावर खाली मूठभरच चिंध्या उराव्यात. हे काम खरं तर कटिंग मास्तरांचं. पण म्हातारे मास्तर डोळ्यांनी अधू झाले तेव्हापासून खडू त्यांच्या कानावर आणि काम हिच्या हातात, असंच चाललं होतं. मधल्या काळात नवऱ्याचं शिलाईचं दुकान बसलं. हिनेच मालकाला गळ घालून त्याला टेबलाशी लावून घेतलं. एक शर्ट बेतणं वेगळं आणि साठ शर्ट एकदम बेतणं वेगळं, हे त्याला शिकवलंही हिनेच. पुढे मास्तर निवृत्त झाले आणि मालकाने खुर्ची कुणाला दिली? नवऱ्याला!

"अहो, बाईचा हुकूम पुरुष कसे ऐकतील?" मालक हसत म्हणाला. "आणि खुर्ची तुमच्याच घरात आली की!"

कानामागून आला आणि तिखट झाला. सासूबाईंनी झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. शेजारीण तिला "मास्तरांची बायको" म्हणू लागली. कारखान्यात त्याचा चहा कपबशीतून यायचा, हिचा त्याच जुन्या काचेच्या पेल्यातून. ती कपबशी दिसली की हिचा जळफळाट व्हायचा. स्वतःच्या कुंकवाचा हेवा वाटतो म्हणून ती स्वतःला दोन शिव्या घालायची, आणि मग पुन्हा कपबशीकडे बघायची.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण रोज संध्याकाळी जेवणं झाली की हे नवे मास्तर स्वयंपाकघरात त्या दिवसाचं वर्तमानपत्र पसरायचे.

"अगं, उद्या चौकडीचं कापड आहे. जरा बघतेस? कसं बसवू?"

आणि ही मूर्खासारखी पेन्सिल घेऊन त्या कागदावर बसवून द्यायची! चुकीचा बेत तिला बघवतच नसे, त्याला काय करणार? दुसऱ्या दिवशी तो तिचाच बेत खडूने कापडावर उतरवायचा.

एकदा मालकाने सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. "महिनाभरात चिंध्याच नाहीत! काय डोकं आहे मास्तरांचं!" नवरा जमिनीकडे बघत हसला. ती पलीकडे बाह्यांचे गठ्ठे बांधत उभी होती. तो हसला नसता तर तिने कदाचित सोडूनही दिलं असतं.

पॅकिंगमधल्या एका बाईने सांगितलं, की बाई म्हणून डावललं तर कायदा आहे, त्याचे वेगळे वकील असतात, पण तक्रार नव्वद दिवसांत करावी लागते. हिने बोटांवर दिवस मोजले. शहाऐंशी दिवस उलटून गेले होते.

पहिला वकील म्हणाला, "घरचं भांडण घरात मिटवा, ताई." दुसरा जमिनीचे खटले चालवायचा. त्याने विचारलं, "मारतो का? नाही? मग तक्रार कसली?" तिसऱ्या वकीलबाई एका दातांच्या दवाखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर बसायच्या. त्यांनी खुर्चीवरच्या फायली उचलून हिला जागा करून दिली आणि एक फॉर्म पुढे केला. भरलेला फॉर्म वाचता वाचता त्या थांबल्या.

"पतीचं नाव लिहिलंय तेच नाव खाली 'तुमच्या जागी कोणाला नेमलं' इथेही लिहिलंत. चुकून झालं का?"

"चुकून नाही."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मग सगळं ऐकून घेतलं. वर्तमानपत्रांचं ऐकलं तेव्हा त्या पुढे सरकल्या. "म्हणजे प्रत्येक बेतावर तारीख छापलेलीच आहे! कुठे आहेत ते कागद?"

"रद्दीत गेले असतील. पण आधी मला सांगा, अशा तक्रारी किती लढलात?"

"अकरा. सात जिंकल्या."

"आणि चार का हरल्या?"

वकीलबाई पहिल्यांदाच हसल्या. "साक्षीदार ऐनवेळी फिरले. तुमच्या बेताचा साक्षीदार एकच. त्याने खरं सांगितलं तर त्याचीच खुर्ची जाणार. तो फिरला तर मी काही करू शकणार नाही."

जी बाई हरल्याचं कारण तोंडावर सांगते, तीच आपली वकील, असं ठरवून ही घरी आली.

संध्याकाळी वर्तमानपत्र पसरलं गेलं. हिने पेन्सिलीला हात लावला नाही.

"उद्याचं तुमचं तुम्ही बसवा."

त्याने पाऊण तास खटपट केली. "कापडाचा पन्हाच कमी आहे," तो शेवटी म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मग तिने सगळं सांगून टाकलं. तक्रार मालकाविरुद्ध आहे, पण नाव तुमचं येणार, साक्षही तुम्हीच द्यायची.

"लोक हसतील गं."

"तीन महिने माझ्यावर हसतायत. ते ऐकू आलं नाही ना तुम्हाला?"

तो उठला आणि पलंगाखालून सुतळीने बांधलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा ओढून काढला. एकही कागद रद्दीत गेला नव्हता.

"शिकता येतंय का म्हणून बघत बसायचो," तो म्हणाला. "नाही येत. रोज सकाळी कारखान्यात शिरताना धास्ती वाटते, आज कुणी मला काही विचारेल का म्हणून."

तिला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोला, बरंही वाटलं.

एकोणनव्वदाव्या दिवशी दोघं दुसरा मजला चढले. वकीलबाईंनी एकेक तारीख तपासली आणि त्याचा जबाब लिहून घेतला. "बेत पहिल्या दिवसापासून हिचा," तो म्हणाला. "मी फक्त खडू फिरवला."

"खुर्ची जाईल, कल्पना आहे ना?"

"आहे."

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. "नशीबवान आहात हो!" त्या हिला म्हणाल्या. "बायकोसाठी एवढं करणारा नवरा मी आजवर पाहिला नाही." कोपऱ्यातला कारकून मान डोलवायला लागला. त्याने पाण्याचा ग्लास आणला, तोही नवऱ्यापुढेच ठेवला.

हिच्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस वर्षं पाठ हिची मोडली, बेत हिचा, तक्रार हिची. खरं बोलायला या माणसाला तीन महिने लागले, आणि बोलल्याबरोबर हा देवमाणूस! इथेही शाबासकी यालाच!

वकीलबाईंनी कागद आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. हिने ते वाटेतच उचललं.

"मॅडम, तक्रार कुणाची आहे?"

"तुमची."

"मग आधी माझी सही."

तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, घाई न करता. मग कागद नवऱ्याकडे सरकवला आणि बोट ठेवून जागा दाखवली.

"हं, आता तुम्ही. तिथे नाही, इथे खाली. साक्षीदाराच्या ओळीत."